ताटावरून उठवलेली म्हातारी

हे कुणालाही खरं वाटणार नाही, असं मी सुरुवातीलाच सांगून टाकलं. म्हटलं, मंडळी, माझ्या तोंडून तुम्ही आजवर पुष्कळ ऐकलंत. त्यातलं निम्मं हसण्यावारी नेलंत आणि उरलेलं माझ्या बायकोकडे जाऊन पडताळून पाहिलंत. पण आज जे सांगणार आहे त्याला साक्षीला खुद्द समुद्र आहे. त्याला विचारून यायचं असेल तर जा, पण वारा वायव्येचा आहे, बोट निघायची नाही. तेव्हा गप्प बसून ऐका.

"काका, सुरू तरी करा," आब्री म्हणाला. आब्री आमच्या बोटीचा तांडेल. उलट्या क्रेटवर बसून तो ब्रेडला जर्दाळूचा मुरांबा फासत होता. पोट भरलेलं असलं की त्याला कुठलीही गोष्ट चालते.

क्लाइनबाई हे आमचं बंदर. तिथल्या धक्क्यामागे आमिष कापायची शेड आहे, तिथे आम्ही जमलो होतो. बाहेर बोटी गाड्यांवर चढवून ठेवलेल्या. शार्क बघायला येणाऱ्या पाहुण्यांचे रबरी सूट दोरीवर उलटे टांगलेले, वाऱ्याने लाथा झाडत होते. आणि शेडच्या मधोमध मालक कून्राड, हातात फोन घेऊन.

त्या फोनात सगळी भानगड होती. एका पाहुण्याने बोटीला बांधलेल्या लोखंडी पिंजऱ्यात उभं राहून पाण्याखाली काढलेली फिल्म. वरून ट्यूना माशाचं डोकं खाली येतं, मोठी पांढरी शार्क येते, जबडा उघडते, डोकं गिळते आणि शेपटी हलवत निघून जाते. एवढंच. पण हे एवढंच साऱ्या जगाने पाहिलं, आणि मत्स्यखात्यानेही पाहिलं. आमच्या धंद्याचा पहिला नियम असा, की शार्कला बोलवायचं, पण खाऊ घालायचं नाही. आमिष दाखवायचं, तिला पिंजऱ्यापर्यंत आणायचं आणि ती तोंड उघडते तोच दोरी ओढून घ्यायची. खाऊ घातल्याचं ठरलं तर परवान्यावर गदा. खात्याचा माणूस सोमवारी यायचा होता.

आणि दोरी कुणाच्या हातात होती? माझ्या. या किनाऱ्यावर पहिला पिंजरा पाण्यात उतरला तेव्हापासून माझ्याच हातात आहे. तेव्हा कून्राड आईच्या कडेवर बसून शेंबूड पुसायचा.

"फ्लोरिसकाका," कून्राड म्हणाला, "मला एकच सांगा. हात थकला, की हात सोडला?"

या प्रश्नाची मेख बघा. थकला म्हणावं, तर मी म्हातारा झालो. दोरी काढून घेणार आणि किनाऱ्यावर पाहुण्यांचे सूट धुवायला बसवणार. सोडला म्हणावं, तर मी कायदा मोडला. बोटीवर पुन्हा पाऊल टाकायचं नाही. कुठूनही गेलं तरी दोरी जाते. आणि दोरीशिवाय मी कोण? धक्क्यावरच्या बाकड्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हवा कशी आहे ते सांगणारा म्हातारा. तसल्या म्हाताऱ्यांनी ते बाकडं आधीच भरलंय, टेकायला जागा नाही.

"दोन्ही नाही," मी म्हणालो.

"तिसरं काय असतं?"

"तेच सांगतोय. पण आधी मला थोडा चिडू दे."

"आधीच चिडलेले आहात," आब्री म्हणाला.

"ती कालची चीड. आजची अजून बाकी आहे."

आणि मी चिडलो. का चिडू नये? आमच्या वस्तीत स्नूक मासा विस्तवावर टाकला की फाटक उघडं ठेवतात. वास ज्याच्या नाकात गेला, त्याचा त्यात तुकडा. मग तो शेजारी असो, वाटसरू असो, की ज्याच्याशी कुंपणावरून कोर्टकचेरी चालू आहे तो असो. भांडण असलं तर तुकडा न बोलता द्यायचा, पण द्यायचा. माझी आई एवढी धूर्त, की वारा वस्तीकडून समुद्राकडे फिरेपर्यंत विस्तवच पेटवायची नाही. पण एकदा वास गेला की तिनेही कधी कुणाला उपाशी परतवलं नाही. आणि आम्ही बोटीवर काय करतो? माशांचा लगदा आणि तेल बादल्यांनी पाण्यात ओततो. पार समोरच्या बेटापलीकडे वास पाठवतो, की या, जेवायला या. ती बिचारी अर्धा समुद्र तोडून येते. मग तिच्या नाकासमोर डोकं नाचवायचं, आणि तिने तोंड उघडलं की ताट ओढायचं. परत नाचवायचं, परत ओढायचं. कोपराला गूळ लावतात म्हणे, तो तरी आपल्याच कोपराला. हे दुसऱ्याच्या पोटाशी चाललंय. वर याला नाव काय, तर साहस. जो पिंजऱ्यात उभा आहे त्याचं साहस. जी उपाशी परत जाते तिचं काय, तर तिचा फोटो.

"नियम सरकारचा आहे, काका. माझा नाही," कून्राड म्हणाला. "त्यांना खायला घातलं तर माणसांच्या मागे लागतील म्हणून केलाय."

"बरोबर. मग बोलवूही नका. सरकारला म्हणावं, बोलवायचं नाही असाही एक नियम कर. करेल?"

 बोलावणं हाच तर कून्राडचा धंदा.

"त्या दिवसाचं बोला," तो म्हणाला.

त्या दिवशी काय झालं ते सांगायचं तर आधी हे सांगायला हवं, की पांढरी शार्क आमच्याकडे हल्ली दिसत नाही. ऑर्का आल्या आणि सगळा खेळ उठला. काळे-पांढरे दरोडेखोर देवमासे ते. शार्कला फाडतात, कलेजी तेवढी खातात आणि बाकीचं टाकून जातात, लग्नातल्या श्रीमंत पाहुण्यासारखे. तेव्हापासून मोठ्या पांढऱ्या शार्क पळाल्या. आता पिंजऱ्यापुढे येतात त्या तांबूस शार्क. पाहुणे त्यांना बघून नाक मुरडतात, की या लहान आहेत. अरे, तुझी मांडी तोडायला पुरेशी आहे की नाही ते बघ, उंची काय मोजतोस, सोयरीक जुळवायचीय का?

"तर त्या दिवशी," मी सांगू लागलो, "टपावर मीटा उभी होती."

मीटा माझ्या धाकट्या भावाची मुलगी. टपावर उभं राहून पाण्यातली सावली हेरायची आणि हाक द्यायची, हे तिचं काम. 'डावीकडून, खाली,' अशी हाक आली की पिंजऱ्यातले पाहुणे श्वास धरून बुडी मारतात आणि मी दोरी ओढतो. पाणी कसं वाचायचं ते मीच तिला शिकवलं. आता ती शेडच्या दारापाशी हाताची घडी घालून उभी होती. फिल्म निघाल्यापासून माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती.

"मीटा ओरडली, मोठी आहे. मी म्हटलं, असेल एखादी तांबूस. ती म्हणाली, काका, ही बोटीएवढी आहे. आणि मी पाण्यात बघितलं तर म्हातारी."

"कुठली म्हातारी?" कून्राडने विचारलं.

"पाठीच्या पंखाला वर खाच असलेली. तुझे बाबा बोट चालवायचे तेव्हापासून येते. तुम्ही पाहुण्यांसाठी तिचं नाव राणी ठेवलंयत. मी म्हातारीच म्हणतो. पूर्वी पोट कसं, तर भरल्या शिडासारखं. आता बघवेना. डोक्यामागे खळगे पडलेले, कातडी लोंबतेय. ऑर्कांच्या भीतीने कुठे कुठे लपत फिरली असेल, कोण जाणे. आणि एवढं होऊन आमचा वास आला तशी आली. जुनी ओळख. मग मी काय करायचं?"

"दोरी ओढायची."

"ओढली. पहिल्यांदा आली, ओढली. दुसऱ्यांदा आली, ओढली. मग तू किनाऱ्यावरून रेडिओवर आलास. काय म्हणालास ते सांग सगळ्यांना."

 मग मीच सांगितलं. तो म्हणाला होता, तिला जाऊ देऊ नका, दुसरी टोळी अजून पिंजऱ्यात उतरायचीय, सगळ्यांना दिसली पाहिजे. म्हणजे एका पंगतीला ताट दाखवून झालं, आता दुसऱ्या पंगतीला दाखवा, आणि जेवणारी तीच एक, उपाशी.

"ओढत राहिलो," मी म्हणालो. "ती येत राहिली. आणि पिंजऱ्यात एक दातांचा डॉक्टर. दर वेळी बुडी मारून वर आला की तक्रार. म्हणे, मला नाकच दिसतं, दात दिसत नाहीत. दात बघायला एवढ्या लांबून आलोय. तिला जरा चिडवा ना. मी म्हटलं, साहेब, तुमच्याकडे येतात ते लोक तरी स्वतःहून तोंड उघडतात का? त्याला कळलं नाही. म्हणाला, मी पैसे दिलेत. जणू तिला दिलेत."

इथे आब्रीला हसू आलं. कून्राडला आलं नाही. फिल्म त्याच डॉक्टरने काढलेली होती.

इथवर सांगितलं ते सगळं खरं होतं, आणि खऱ्याने माझं काही भागत नव्हतं. कून्राड अजून तसाच बघत होता, थकला की सोडला. तेव्हा मी घसा साफ केला.

"मग म्हातारी थांबली," मी म्हणालो. "पाण्यातून सरळ वर आली आणि बोटीच्या कडेवर हनुवटी टेकली. बोट अशी कलली, की आब्रीचा चहा सांडला."

"माझा चहा सांडला?" आब्री म्हणाला.

"तू पुढे नांगरापाशी होतास. कप इकडे होता."

"बरं."

"हनुवटी टेकून तिने माझ्याकडे बघितलं. तोंड ओळखीचं आहे, पण नाव आठवत नाही, असं. आणि एक सुस्कारा टाकला. त्या सुस्काऱ्याने एका पाहुणीची टोपी उडाली, ती बेटावर एका पेंग्विनच्या डोक्यावर बसली. अजून घालून फिरतोय तो. दुसऱ्या नरांना आवडलेलं नाही. पण तिच्या तोंडाला वास कसला होता, सांगू? कसलाच नाही. रिकाम्या भांड्यासारखा. हे ऐकून तरी तुम्हाला लाज वाटायला पाहिजे."

"पुढे," कून्राड म्हणाला.

"पुढे तिने दोरी धरली. आमिष नव्हे हं, दोरी. दातात धरली आणि निघाली. मी सोडली असती तर सोडली म्हणता आलं असतं. मी सोडली नाही. हात थकला असता तर मी पाण्यात गेलो असतो. मी गेलो नाही. मी पाय रोवून उभा, माझ्यामागे बोट, बोटीला पिंजरा, पिंजऱ्यात डॉक्टर आणि तळाला नांगर, एवढी सगळी वरात तिने ओढत नेली. बेटाला पूर्ण प्रदक्षिणा. सील दगडांवर उठून उभे राहिले. दीपगृहाच्या पोराने भरदिवसा दिवा लावला, त्याला वाटलं रात्रीची आगबोट चुकून आली."

"दीपगृहात माणूस राहिलाय कुठे? यंत्रावर चालतं ते," आब्री म्हणाला.

"म्हणूनच सांगतोय, यंत्रसुद्धा घाबरलं."

"आणि काका, मी नांगरापाशी होतो म्हणालात. मग मला कसं कळलं नाही?"

"तू पाठमोरा होतास. उलट्या करणाऱ्या पाहुण्यांना धरून उभा होतास. त्या दिवशी पिंजऱ्याबाहेरचा प्रत्येक जण पलीकडच्या कठड्यावर वाकलेला होता. खरं की खोटं?"

"ते खरं," आब्रीला कबूल करावं लागलं. "लाटाच तशा होत्या."

"लाटा नव्हत्या त्या. प्रदक्षिणा होती."

"तळवे दाखवा तुमचे," आब्री म्हणाला.

"मलम लावलं. बरे झाले."

कून्राडने फोन वर धरला. "काका, या फिल्ममध्ये बोट जागची हलत नाही."

"फिल्म काढणारा बोटीबरोबरच चालला होता. त्याला कसं कळणार? गाडीत झोपलेल्याला विचार, गाडी हलली का."

शेडमध्ये हसू फुटलं. मला जरा धीर आला. हसू आलं की माणूस निम्मा आपला होतो, हे मी आयुष्यभर बघत आलोय.

"आणि डोकं कसं गेलं?" कून्राडने विचारलं.

"दोरी जळाली. पाण्यात. एवढ्या वेगाने घासली, की धूर निघाला. जळून तुटली, डोकं सुटलं, खाली आलं, म्हातारीने गिळलं. ते तेवढं तुझ्या फिल्ममध्ये आहे. हात थकलाही नाही आणि सोडलाही नाही. सोमवारी खात्याच्या माणसाला सांग, दोरी सरकारी प्रतीची नव्हती."

कून्राड हसला नाही, पण चिडलाही नाही. फोन खिशात ठेवला आणि विचार करत उभा राहिला. तो बापावर गेलाय. विचार करताना दाताने ओठ चावतो. मला वाटलं, सुटलो.

"प्रदक्षिणा सोडा," तो म्हणाला. "चहा, टोपी, धूर, सगळं सोडा. उरतं ते एवढंच, की तिने झडप घातली आणि तुम्ही गाफील सापडलात. एवढं मी त्या माणसाला सांगू शकतो. अपघात. अपघाताला परवाना जात नाही. पण तो मला विचारणार, की टपावर माणूस असतो ना? शार्क येताना त्याने हाक दिली नाही का? हाक आली असती तर फ्लोरिस गिलियनने दोरी ओढली असती. तुम्हाला हाक आली आणि दोरी राहिली, असं कधी झालंय?"

"कधीच नाही," मी म्हणालो. ते माझ्या तोंडून आपोआप गेलं. कुठल्याही दोरीवाल्याच्या तोंडून गेलं असतं.

"मग हाक आली नाही."

शेडमधलं हसू विरलं. आब्रीचा घास तोंडातच राहिला. मी मीटाकडे बघितलं नाही. दाराकडे बघितलं, पण दारातच ती उभी होती, म्हणून पत्र्याकडे बघितलं.

"हाक आली होती की नाही, काका?"

आता माझा संताप कुणावर होता ते मलाच कळेना. नियम कुणाचा, रेडिओवर बोललं कोण, दात कुणाला बघायचे होते, आणि शेवटी येऊन अडलं कुठे, तर माझ्या पोरीच्या गळ्याशी. पण दोरी माझ्या हातात परत येत होती. मला ती दिसत होती. बोटभर अंतरावर आली होती.

"मोठी शार्क होती," मी म्हणालो. "इतकी मोठी तिनेही कधी बघितली नव्हती. तरुण पोर आहे. बघत राहिली असेल. होतं असं."

"म्हणजे हाक दिली नाही."

"पहिल्यांदा दिली होती. शेवटच्या वेळी... घाबरली असेल. तिला रागावू नकोस, कून्राड. तिला शिकवणारा मी आहे. अजून शिकेल. एखादं वर्ष सूट धुतले म्हणून काय बिघडतं?"

"ठीक आहे," कून्राड म्हणाला. "सोमवारी मी टपावरची चूक म्हणून सांगतो. मीटा, उद्यापासून तू किनाऱ्यावर. काका, दोरी तुमची."

मीटाने हाताची घडी सोडली. ती पुढे आली तशी आब्री क्रेट सरकवून बाजूला झाला. तिने कून्राडकडे पाहिलंच नाही, सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. माझ्या भावासारखी आहे ती, रागात आवाज चढत नाही, उतरतो.

"खोटं बोलताय, काका," ती म्हणाली. "पेंग्विनची टोपी चालेल, जळालेली दोरी चालेल. हे नाही चालणार. मी हाक दिली. दोनदा दिली. तुम्ही वर बघितलंत, मान हलवलीत, म्हणजे ऐकू आलं. मग दोरी शांतपणे आत ओढून घेतलीत, गाठ सोडलीत, आणि कठड्यावर ओणवे होऊन ते डोकं दोन्ही हातांनी तिच्या तोंडाशी पाण्यात सोडलंत. हात थरथरलेसुद्धा नाहीत. वरून मला सगळं दिसत होतं, आणि ऐकूही येत होतं. तुम्ही तिला म्हणालात, सावकाश जेव, म्हातारे, आज कुणी उठवणार नाही."